घरातला कोरा नमुना

आमच्या प्रयोगशाळेत गेली अकरा वर्षं माझ्या थुंकीला जो मान होता, तो भल्याभल्यांच्या शब्दालाही मिळत नाही. आम्ही लोकांच्या लाळेतलं आणि लघवीतलं कोटिनीन मोजतो. तंबाखू कुठल्याही वाटेने शरीरात शिरली, की तिच्यातल्या निकोटीनचं कोटिनीन होतं आणि ते दोन-चार दिवस मुक्काम ठोकतं. माणूस म्हणतो, "छे, मी तर हातही लावत नाही," आणि त्याची लाळ दीडशेचा आकडा दाखवते. पण मोजायला बसायचं तर आधी कोरा नमुना लागतो, म्हणजे जिच्यात कोटिनीनचा मागमूसही नाही अशी लाळ. वजन करण्याआधी तराजूचा काटा मधोमध लागतो, तसंच हे. ही कोरी लाळ माझी. दर महिन्याला मी नळीभर द्यायची आणि नाक वर करून फिरायची.

त्या गुरुवारी मात्र घोटाळा झाला. पडद्यावर जिथे रेघ सपाट हवी, तिथे एक टेकडी उभी राहिली. मी यंत्र धुतलं, नळ्या बदलल्या, ताजी लाळ दिली. टेकडी जागची हलेना. आकडा अडीच.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, एक विचारू? रागावू नका."

"मी ओढत नाही!"

"तुम्ही नाही हो. एवढ्याशा आकड्याला ओढावं कुठे लागतं? घरात कुणी धूर करत असेल तर दुसऱ्यालाही एवढं येतं."

घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. नवरा एके काळी दिवसाला दोन पाकिटं फुंकायचा. चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने अर्धं पाकीट कचऱ्यात टाकलं आणि "संपलं" एवढंच म्हणाला. मी तेव्हा आनंदाने रडले होते. आता मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली की ती गप्प बसते होय!

घरी गेल्या गेल्या मी त्याच्या शर्टांचे वास घेतले. सगळे साबणाचे. खिशांत एक पेन आणि बसचं तिकीट. गॅलरीत राख शोधली, तर तिथे सासूबाईंच्या कुंड्या आणि कुंड्यांबाहेर ओसंडणारा पुदिना. तेवढ्यात नवरा आला. सासूबाईंनी नेहमीसारखा माझ्यासाठी आणि स्वतःसाठी पुदिना घालून चहा ठेवला, आणि लेकासाठी कॉफी. पुदिन्याच्या नुसत्या वासानेही त्याचं डोकं उठतं.

कुणी कप ओठांना लावायच्या आत मी टेबलावर दोन नळ्या ठेवल्या. "नवीन पद्धत तपासायचीय. दोघांनी यात जरा थुंका."

"अगं बाई, चहाच्या टेबलावर?" सासूबाई म्हणाल्या. पण मग लिंबाची आठवण काढत त्यांनी नळी भरून दिली आणि "आणखी हवी का?" असंही विचारलं.

नवऱ्याने नळी बोटांत फिरवली. वर्षानुवर्षं कोटिनीनच्या गोष्टी ऐकत आलेला माणूस तो, त्याला काय कळायचं ते कळलं.

"माझी कशाला?"

"आईंचीही घेतलीय ना."

त्याने नळी भरली, बूच घट्ट लावलं आणि कॉफी तशीच टाकून आत गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत मनात म्हटलं, सापडलास.

दुसऱ्या दिवशी दोन्ही नमुने मी स्वतः लावले. पहिला आकडा आला आणि साहेबांनी माझ्याकडे खुर्ची सरकवली. सासूबाई, अकरा. नवरा, शून्य. मी नवऱ्याचा पुन्हा लावला. पुन्हा शून्य, रेघ पार सपाट.

"अकरा म्हणजे काही ओढणाऱ्याचा आकडा नव्हे," साहेब म्हणाले, "पण तंबाखूशी आईंची ओळख आहे बरं का. आणि तुमचे मिस्टर अगदी कोरे निघाले. पुढच्या महिन्यापासून लाळ त्यांचीच आणा."

हसावं की रडावं कळेना. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घर गाठलं. सासूबाई स्वयंपाकघरात एका जुन्या पातेल्यातून तपकिरी पाणी गाळत होत्या. वास ओळखीचा होता.

"आई, ही तंबाखू?"

"मग काय चहा? पुदिन्यावर किडे पडले होते. समोरच्या बाई म्हणाल्या, तंबाखू उकळून ते पाणी फवारा. एक किडा उरला असेल तर शपथ! बघितलंस ना कसा फोफावलाय?"

"आणि तोच चहात?"

"धुऊन घालते हो!" त्या दुखावल्या. मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाल्या, "नीट धुतला जात नाही का?"

मी त्यांना सगळं समजावलं, चहातून किती गेलं असेल आणि हातांतून किती. आकडेही सांगितले. "तुझे अडीच आणि माझे अकरा?" असं म्हणून त्या थोड्या खूशच झाल्या. मग मात्र पातेलं, बाटली, पुदिना, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने टाकून दिलं आणि तीनदा हात धुतले.

संध्याकाळी नवरा आला. मी कागद त्याच्यापुढे धरला. "चुकलं माझं. तुझा शून्य आहे."

त्याने कागद बराच वेळ वाचला. एवढा वेळ वाचण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"काल नळी दिलीस तेव्हा घाबरलो होतो मी," तो म्हणाला.

"ओढत नाहीस तर घाबरलास कशाला?"

"ओढत नाही. पण रोज अकराच्या सुमाराला ऑफिसातून सिगारेटच्या दुकानापर्यंत जातो आणि तसाच परत येतो. चार वर्षं. म्हटलं, ही नुसती इच्छासुद्धा तुमच्या यंत्रात दिसते की काय."

मला इतकी लाज वाटली, की त्याच्याकडे बघवेना. "मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू आकडा मागितला असतास."

खरं होतं ते. मी त्याचा हात धरला. "यापुढे तिथे गेलास की मला फोन कर. आकडा मागणार नाही."

बुधवारी अकराला फोन वाजला. "दुकानासमोर आहे," एवढंच. माझ्यापुढे ऐंशी नमुने पडले होते आणि साहेब घड्याळ दाखवत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली. रिकाम्या कुंड्यांत काय लावायचं यावर आम्ही नवरा-बायको चांगली सात मिनिटं भांडलो, आणि मग तो म्हणाला, "चल, ठेवतो. ऑफिसात पोचलो."