सात नंबरचा बिल्ला

बोटीवर पैसे भरून गळ टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर असतो. मासा वर आला की खलाशी त्याच्या कल्ल्याला त्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला अडकवतो आणि मासा बर्फात ढकलतो. सात नंबर म्हाताऱ्याचा. अकरा वर्षं तो दर साली बारा दिवस खोल समुद्रात मासे धरायला जायचा. यंदाचीही जागा सांगून ठेवली, आणि समुद्राऐवजी भलतीकडेच निघून गेला.

त्याच्या जागी म्हातारी आली. लेकीने कपाळाला हात लावला आणि सोबतीला आपल्या नवऱ्याला धाडलं. कोणी विचारलं तर म्हातारी सांगायची, घर टाकून माणूस कुठे कडमडायला जायचा ते एकदा बघायचंय. खरी गोष्ट वेगळी. तो गेल्याला पाच महिने झाले, तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नातेवाइकांनी नाकं मुरडली, त्याचं तिला काही नाही, नाकं त्यांची. पण आतही काही नव्हतं. रिकाम्या डब्यात चमचा फिरवावा, तसं. सात नंबरवर आपल्या हाताने एक मासा चढला तर कुठेतरी काही हलेल, एवढं तिने मनाशी धरलं होतं.

अकरा दिवस कोरडे गेले. एरवी बादलीतल्या पाण्यालाही बिचकणाऱ्या जावयाला चार मासे मिळाले, तिला एक नाही. आता शेवटचा दिवस. दुपारी बाराला कप्तान भोंगा वाजवणार, सगळ्यांनी दोर वर घ्यायचे, बोट घराकडे.

साडेदहाला तिच्या गळाची काठी वाकली. कुपा होता, चांगला थोराड. खलाशाने तिच्या कमरेला पट्टा आवळला आणि बजावलं, की काठीला दुसऱ्याचा हात लागला तर मासा कोणाच्याच नंबरावर चढत नाही. म्हातारीने त्याला ऐकवलं, की अकरा दिवस तेच ऐकून तिच्या कानाला घट्टे पडलेत.

मासा पळेल तिकडे ती कठड्याच्या कडेने निम्म्या बोटीला फेरा घालून आली. मासा वर यायचा, बोटीची सावली दिसली की पुन्हा खाली बुडी. हात आधी दुखले, मग दुखायचे थांबले. हे तिच्या ओळखीचं होतं. जावई मागे घुटमळत म्हणाला, जरा टेका, आई.

"जावईबापू, तोंडाने वारा घाला. हाताने नको."

बाराला दहा कमी असताना मासा एका कुशीवर झाला. दोन हात दोर राहिला होता. खलाशी आकडा घेऊन वाकला. म्हातारीने खाली पाहिलं, पाण्यात तो चांदीसारखा सावकाश फिरत होता. मग तिने आत पाहिलं. हा वर आला काय, न आला काय, तिथे काही हलणार नव्हतं.

"धरा," ती म्हणाली.

जावयाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आई, दोनच हात राहिलेत. नंबर जाईल."

"ज्याचा आहे तो मोजायला येणार आहे का? धरा म्हणते ना."

त्याने काठी घेतली. रिळाच्या चार फेऱ्यांत मासा फळ्यांवर आपटला. खलाशी सातचा बिल्ला हातात घेऊन अवघडून उभा राहिला. कप्तान दुसरीकडे बघत म्हणाला, लावून टाक, कोण बघतंय?

"मी बघतेय," म्हातारी म्हणाली.

मासा तसाच बर्फात गेला. भोंगा झाला. बाकीचे काठ्या गोड्या पाण्याने धुवायला लागले, जावयाने दोघांच्याही घेतल्या. म्हातारी पेटीवर बसली होती. तिच्या अंगावर शिंतोडे उडत होते, ती सरकली नाही.

त्याने विचारलं, आता बरं वाटतंय ना?

"काहीच वाटत नाहीये," ती म्हणाली. "हे घरी बोलू नका. लेकीला सांगा, आई रडली."

त्याने नळी खाली ठेवली. तिच्या उजव्या हाताची बोटं रिळाची मूठ धरल्यासारखी आवळलेलीच होती. तो समोर उकिडवा बसला आणि एकेक बोट उलगडायला लागला. तिने हात काढून घेतला नाही.

"करंगळी हळू," एवढंच म्हणाली.