मधला पट्टा

रंगाऱ्याने सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीवर नारंगीचे तीन पट्टे ओढून ठेवले होते. पहिला इतका फिका की सायीला लाज वाटावी, मधला जर्दाळूच्या गरासारखा, आणि तिसरा गडद, उबदार, दिवा लावला की शेकोटीपाशी बसल्यासारखं वाटावं असा. "सकाळच्या उजेडात बघा, दिव्यात बघा, मग सांगा," असं म्हणून तो दुसऱ्या कामावर निघून गेला.

सुनेचा जीव तिसऱ्यावर जडला. सासूबाई मात्र भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या. प्रत्येक पट्ट्यासमोर हात धरून बोटं हलवून बघत होत्या.

"मधला," त्या म्हणाल्या.

"आई, तिसरा किती खुलतोय बघा ना!"

"खुलू दे. खोली माझी ना? मग मधला."

खोली त्यांचीच होती, वाद नव्हता. पण त्यांची नजर दिवसेंदिवस अंधूक होत चालली होती. आहे तेवढी टिकली तरी पुष्कळ, असं डॉक्टरांनीच सांगून टाकलं होतं. स्वयंपाकघरात कणीक तिंबता तिंबता सून नवऱ्याला म्हणाली, "आईंना कुठे कळणारे मधला की तिसरा? त्यांना सगळं सारखंच." नवऱ्याने "तुमचं तुम्ही बघा" म्हणून अंग काढून घेतलं. या कलेत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

सासूबाई चार दिवस लेकीकडे गेल्या आणि सुनेने रंगाऱ्याला तिसरा सांगितला.

एवढ्यावर ती थांबली असती तर ती कसली? रंग लागला, मग त्याला शोभतील असे तांबूस पडदे आले. पलंगावर विटकरी चादर आली. दाराला पॉलिश झालं तेही लालसर. बटणांचा पांढराफटक बोर्ड डोळ्यांत खुपत होता, तो काढून तांब्याच्या रंगाचा बसवला. शेवटी दारात उभं राहून तिने बघितलं, तर सगळं एकमेकांत असं मिसळून गेलं होतं की कुठे भिंत संपते आणि कुठे दार सुरू होतं ते कळू नये. तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

"छान झालीय हं खोली," सासूबाई आल्या आल्या म्हणाल्या. सुनेने चहा टाकला आणि पट्ट्यांचा विषय काढलाच नाही.

दोन दिवसांनी सासूबाईंच्या कपाळावर टेंगूळ दिसलं. "काही नाही गं, दार लागलं." मग कोपर काळंनिळं झालं. मग त्या खोलीतून बाहेर येईनाशा झाल्या. एका संध्याकाळी सून चहा घेऊन गेली तर सासूबाई अंधारात भिंत चाचपत होत्या. तळहात वर, खाली, पुन्हा वर. बटणं त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होती.

सुनेने दिवा लावला. सासूबाई पलंगावर बसल्या.

"लेकीला कळवू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले होते, एक दिवस कडा दिसेनाशा होतील. आला बघ तो दिवस. अगं, मुद्दाम मधला रंग निवडला होता मी. त्याच्यावर माझी बोटं दिसत होती. म्हटलं, बोटं दिसतायत म्हणजे दारही दिसेल, बटणंही दिसतील. आता त्यातलं काहीच दिसत नाही."

सुनेने चहाचा कप बाजूला ठेवला. गप्प बसली असती तरी कोणाला पत्ता लागला नसता. म्हातारीने डोळ्यांना दोष दिलाच होता.

"आई, हा मधला नाहीये."

"काय?"

"तिसरा लावलाय. पडदे, दार, बटणं, सगळं मी त्याच्याच रंगाचं केलं. इथे मलासुद्धा शोधावं लागतं."

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड वळवलं. मग त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे डोळे नाही गेले?"

"नाही हो आई."

"आठ दिवस मी डोळे मिटून चालायचा सराव करतेय!" त्या हसल्या, आणि हसता हसता सुनेकडे वळल्या. "म्हातारीला कुठे कळणारे, असं वाटलं ना तुला?"

सुनेने मान हलवली.

"मान हलवलीस का? लांबून दिसत नाही मला. तोंडाने सांग."

कणीक तिंबताना जे इतकं सहज निघालं होतं, ते आता त्यांच्यासमोर म्हणायचं होतं. "हो," ती म्हणाली. "असंच वाटलं."

"बरं." सासूबाईंनी चहासाठी हात पुढे केला. "रंगारी येईल तेव्हा येईल. नमुन्याचा डबा उरलाय ना मधल्याचा?"

तो मोरीत होता. सुनेने तो आणला, ब्रश आणला, आणि बटणांभोवती मधल्या रंगाचा चौकोन ओढायला बसली. त्या देखण्या भिंतीवर तो चौकोन ठिगळासारखा दिसत होता. सासूबाई मागे उभ्या राहून त्याच्यासमोर बोटं हलवत होत्या.

"अजून मोठा कर," त्या म्हणाल्या. "आणि दाराच्या कडेनेही."