सर्जाला आलेला देवीचा मेसेज

कुंभार पिंपळगावच्या बाजाराच्या मैदानातला मंडप खच्चून भरला होता. देवीचे मेसेज येऊन एकामागोमाग मोबाइल वाजू लागले, तशा बाया पदर पसरून रडायला लागल्या. गादीवरून राजानंद महाराज माइकात गरजले, "देवीला टावर लागत न्हाई, रिचार्ज लागत न्हाई! तुमच्या घरातलं तिला बराबर कळतं!"

तृप्तीचं लक्ष मांडीवरच्या माऊलीकडे होतं. पोराच्या ओठाचा कोपरा जरा हलला, की झटका येतोय का, म्हणून ती त्याचे डोळे बघायची. 'माऊलीचं औषध सोड, अंगारा लाव,' असा मेसेज सकाळीच सासूच्या फोनवर आला होता आणि झटक्यांच्या औषधाची बाटली सासूच्या पिशवीत गेली होती. सकाळचा डोस चुकला तो चुकलाच.

"आत्याबाई, बाटली द्या. डॉक्टर काय म्हणले? एकदम बंद केलं तर झटका येईल."

"गप बस," साळूबाई म्हणाल्या. "पोराचं नाव देवीला कुणी सांगितलं मंग?"

"तुम्हीच! गेल्या खेपेला महाराजांच्या चेल्यानं, त्या हरिओमनं नाव, दुखणं, सगळं फोनवर भरून घेतलं न्हाई का?"

साळूबाईंनी पिशवी आणखी छातीशी धरली. तृप्ती माऊलीला कडेवर घेऊन उठली. "महाराज, देवी लेकरांचं औषध सोडायला सांगती का?"

खांबाशी पोलीस पाटील कारभारी उभे होते. महाराजांची नजर तिकडं गेली आणि आवाज मधाळ झाला. "कधीच न्हाई, माय! 'औषध चालू ठेव,' हेच तिचं वचन. आत्ता नाव नोंदव, बघ!"

मागं लॅपटॉपवर वाकलेल्या हरिओमनं घाईनं काहीतरी बदललं आणि मान डोलावली. तृप्तीनं आपल्या फोनवर देवीच्या फॉर्मात नाव भरलं: सर्जा. दुखणं: झटके. लगेच टुंग वाजलं. तिनं फोन कारभारींच्या हातात दिला.

त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'सर्जाचं औषध सोड, अंगारा लाव.' सर्जा कोण, सूनबाई?"

"आमचा बैल. धडधाकट हाये."

हसण्याचा लोट उसळला. महाराज मागं वळून फिस्कारले, "बदललं म्हणलास ना रे?"

"बदललं की महाराज! सेव्हबी केलं!"

माइक चालूच होता. सगळ्या मैदानानं ऐकलं.

"सेव्ह केलंस, पब्लिश केलं न्हाईस," तृप्ती म्हणाली. "लग्नाआधी जालन्यात एका क्लासच्या ऑफिसात मी असेच आपोआप जाणारे मेसेज लावायची. बदललेला मजकूर कच्चा पडून राहतो. पब्लिश दाबेपर्यंत जुनाच जातो. नाव तेवढं यंत्र भरतं, लेकराचं काय अन् बैलाचं काय! हरिओम, आधी तो मेसेज बंद कर. अजून कुठं कुठं लेकरांची औषधं बंद होत असतील."

कारभारी लॅपटॉपकडे निघाले. तृप्ती बायांकडे वळली. "देवीला मानायचं तर माना. पण औषधाचं डॉक्टरलाच विचारा, बायांनो. अन् नवल दिसलं, की हात जोडायच्या आधी ते कुणी केलं, कसं केलं, एवढं विचारा."

चुकलेल्या डोसचं विचारायला तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आत्ताच द्या."

साळूबाईंनी बाटली काढली. झाकण उघडून ती तृप्तीपुढं धरली. तेवढ्यात पिशवीत त्यांचा फोन पुन्हा टुंग वाजला.

"वाजू दे मेल्याला," त्या म्हणाल्या. "तू औषध मोज."