रिगवेल्टेड

"पडले नाहीये मी," चिखलात उताणी झालेली ॲनिस आत्या मला म्हणाली. "रिगवेल्टेड झालेय."

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हा ताठा. मी सकाळीच डार्लिंग्टन शहरातून तिला कायमची माझ्याकडे न्यायला आले होते. तिची बॅग गाडीत ठेवली, आणि ही बाई "मेंढ्या बघून येते" म्हणून उतारावर गेली ती अशी सापडली. मी एकटीनं ओढून पाहिलं, पण ती काही हलेना.

आमच्या खोऱ्यात हा शब्द मेंढीसाठी वापरतात. रिग म्हणजे पाठ, वेल्ट म्हणजे उलटणं. हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून होड्यांतून आलेल्या आमच्या पूर्वजांनी तो आणला. लोकर भिजून जड झाली की मेंढी पाठीवर उलटते, पाय वर करून पडते आणि आपली आपण उठू शकत नाही. कुणी वळवली नाही तर कावळे डोळे फोडतात. म्हणून जो बघेल त्यानं कुरणांमधली भिंत ओलांडून तिला उभी करायची, मग ती वैऱ्याची का असेना.

शेजारच्या जॉसी पीकॉकला हे सांगावं लागत नाही. एका एडक्यावरून नऊ वर्षं त्याचं नि आत्याचं बोलणं बंद होतं. तरी दगडी भिंत चढून म्हातारा आलाच.

"मरतुकडी मेंढी उलटत नाही," आत्या आभाळाकडे बघत म्हणाली. "भरल्या लोकरीचीच उलटते."

"मग तू कशी उलटलीस? हाडं तेवढी उरलीत," जॉसी म्हणाला. नऊ वर्षांतलं त्याचं हे पहिलं वाक्य.

आम्ही दोघांनी मिळून तिला उभी केली. मी लगेच हात सोडला.

"धरून ठेव गं," जॉसी माझ्यावर खेकसला. "शहरात जाऊन विसरलीस? पायांत जीव येईपर्यंत सोडायचं नसतं. पुन्हा उलटते."

मग आम्ही दोन्हीकडून तिला धरून उभे राहिलो.

"बघितलंस ना आत्या? एकटीनं राहणं आता जमायचं नाही," मी रडवेली होऊन म्हणाले.

"एकटी कुठे आहे?" जॉसी म्हणाला. "रोज सकाळी माझ्या मेंढ्या बघत फिरतोच मी. त्यात आणखी एक."

"तुझ्या कळपात मोजू नकोस मला," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सोड आता. आणि बॅग काढ गाडीतून."

मी काढली. भांडायला तोंड होतं, पण मन होईना. खरं सांगते, अभिमान वाटला मला तिचा.

गाडी वळवताना आरशात दोघं दिसली. आत्या स्वतःच्या पायांवर उभी होती. जॉसीचे हात तिच्या कोपराजवळ होते, पण टेकवलेले नव्हते.