वर्नाची हिरवी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. साधीसुधी नव्हे, शर्यतीची. आज माझ्याकडे पाहून तुम्हाला ते पटणार नाही. माझी चाके मातीत रुतली आहेत, छताचे कापड केव्हाच कुजून गेले आहे आणि आसनांत उंदरांच्या कितीतरी पिढ्या नांदून गेल्या आहेत. पण दाराच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलेत तर माझा मूळचा हिरवा रंग अजून सापडेल.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. मला दोनच आसने होती आणि सामानाला जागा जवळजवळ नव्हती. मला कुटुंबासाठी बनवलेच नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढे माझ्यावर तोच आरोप झाला.

जहाजातून समुद्र ओलांडून मी पेनसिल्व्हेनियात आले. तिथे मला वर्नाने विकत घेतले. टेलिफोनच्या कचेरीत काम करणारी, सडपातळ, अबोल मुलगी. तिचे वडील मला पाहून म्हणाले, "एवढ्या पैशांत घरासाठी चांगला फ्रिज आला असता."

"फ्रिज घेऊन डोंगर चढता येत नाही, बाबा," वर्ना म्हणाली.

गावाबाहेरच्या डोंगरावर उन्हाळ्यात शर्यत व्हायची. एकेक गाडी पायथ्यापासून सुटायची, वळणे घेत माथा गाठायची आणि कोणाला किती वेळ लागला ते मोजायचे. इतर लोक वळणाच्या बरेच आधी ब्रेक दाबत. वर्ना अगदी वळण समोर येईपर्यंत दाबत नसे. मला भीती वाटायची, पण तिच्या हाताखाली ती भीतीही गोड लागायची. दुसऱ्याच वर्षी आम्ही सगळ्यांत पहिल्या आलो. पंचांनी तिच्यासाठी बायकांचा छोटा चषक पुढे केला. ती म्हणाली, "मी सगळ्यांत पहिली आले ना? मग मोठा द्या." त्यांना द्यावा लागला.

त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होता तो एल्डन. त्याच्या घरची सफरचंदांची बाग होती. पुढच्या वसंतात दोघांचे लग्न झाले आणि चर्चपासून घरापर्यंत वर्नानेच मला चालवले. एल्डन शेजारी बसून वाटेत भेटेल त्याला हात हलवत होता.

मग वर्नाला दिवस गेले. एल्डन म्हणाला, "थोडे दिवस ही गाडी कोठारात ठेवू. बाळ जरा मोठं होऊ दे." त्यात वावगे काहीच नव्हते. मलाही तसे वाटले नाही. पहिल्या मुलीनंतर मुलगा झाला. मग एल्डन म्हणू लागला, "दोन लेकरांची आई डोंगरावर गाडी उडवते, बरं दिसतं का ते? आणि हिच्यात मुलांना कुठे बसवायचं?"

तरी एका शरद ऋतूत, मुले आजीकडे असताना, वर्ना किल्ली घेऊन आली. तिने माझ्यावरची धूळ पुसली, आत बसली, किल्ली फिरवली. मी गप्पच. तिने उतरून बॉनेट उघडले तर बॅटरी नव्हती. एल्डन दारात उभा होता.

"ट्रॅक्टरला लावलीये. फळं उतरवायचे दिवस आहेत, वर्ना. महिनाभर लागेल."

"मला विचारलं असतंस तर?"

"एका बॅटरीसाठी विचारायचं?"

तिने बॉनेट हळू खाली केले आणि निघून गेली. त्यानंतर ती कोठारात पाऊल टाकायलाही आली नाही. बॅटरी परत आली नाही. माझ्यावर सफरचंदांची रिकामी खोकी रचली गेली, मग मोडके पंप, मग कोंबड्या. बाहेरून वर्नाचा आवाज रोज ऐकू यायचा. मुलांना हाका मारणारा, पुढे नातवंडांना दटावणारा. मित्रांनो, खरे सांगते, मला एल्डनपेक्षा वर्नाचा जास्त राग होता. तो विसरला तर विसरला. ती कशी विसरली?

गेल्या शरदात कोठाराचे दार उघडले. एल्डन आता वाकला होता. बरोबर त्याची मुलगी गेल आणि जुन्या गाड्या दुरुस्त करणारा लमार होता. लमारने माझ्या खालच्या पत्र्यात पेचकस रोवला तर तो पावात शिरावा तसा आत गेला.

"हिच्यात आता गाडी कमी आणि उंदीर जास्त आहेत," तो म्हणाला. मग त्याने इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते फिरले. "पण होईल. वर्षभर लागेल, पण चालेल ही."

चालेल ही. इतक्या वर्षांत माझ्याविषयी कोणी चांगला शब्द काढला नव्हता. मी मनातल्या मनात वळणे घेऊ लागले.

वर्नाच्या वाढदिवसाला एल्डन आणि गेल तिला कोठारात घेऊन आले; लमारही तिथे होता. ती काठी टेकत आली आणि माझ्यापासून बऱ्याच अंतरावर थांबली.

"तुझ्यासाठी पुन्हा नवी करून घेतोय," एल्डन म्हणाला. "रंगसुद्धा तोच."

"माझ्यासाठी?"

"मग कोणासाठी?"

"माझा गुडघा धातूचा आहे, एल्डन. क्लच दाबता येत नाही. आत बसले तर उठवायला दोन माणसं लागतील."

"मी चालवीन ना. तू शेजारी बस."

वर्ना त्याच्याकडे बघत राहिली. गेल म्हणाली, "आई, बाबा मनापासून करतायत गं."

"गेल, तू यात पडू नकोस. तू लहान होतीस." मग ती एल्डनकडे वळली. "तुझ्या भावाने तुला चिडवलं होतं, बायको चालवते आणि हा शेजारी बसतो म्हणून. त्याच्या बायकोने मला सांगितलं. तू बॅटरी काढलीस ती त्याच आठवड्यात."

"तेव्हा मला कळत नव्हतं, वर्ना."

"सगळं कळत होतं. कपडे वाळत घालायला मी या कोठाराला वळसा घालून जायचे, ही दारातून दिसू नये म्हणून. तेही तू रोज बघत होतास."

लमार टोपी हातात घेऊन बाहेर गेला. आणि मला कळले की ती विसरली नव्हती. कळले, पण त्याने माझा गंज काही उतरला नाही.

"मग काय करू? भंगारात देऊ?" एल्डनने विचारले.

"नाही. भंगारात दिलीस की तुझी सुटका होईल, आणि नवी केलीस तरी होईल. हिला आहे तशी बाहेर काढ. स्वयंपाकघरात तुझी खुर्ची आहे ना, तिच्या समोरच्या खिडकीपुढे ठेव."

"आणि?"

"आणि काही नाही. तू तुझी कॉफी पी."

एल्डनने ट्रॅक्टरने ओढून मला इथे आणले. मग बर्फ पडू लागला. तो रोज सकाळी कप हातात धरून माझ्याकडे बघतो. एकदा त्याने खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली होती. वर्नाने ती पुन्हा खिडकीकडे केली. भांडी विसळताना तीही माझ्याकडे बघते. तिला त्यात सुख वाटत असेल असे तिच्या चेहऱ्यावरून दिसत नाही.

तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण मला कोणीच विचारले नाही. मला पुन्हा एकदा तरी चालायचे होते, कोणीही चालवले असते तरी. आता तळाचा पत्रा गळून पडतो आहे. लमार परवा रस्त्यावरून जाताना थांबला, मान हलवली आणि गेला. या हिवाळ्यानंतर त्यालाही काही करता येणार नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागायची वेळ निघून गेली. पण तुमच्या घरात कोणाची सायकल, कोणाची बाजाची पेटी 'थोडे दिवस' म्हणून माळ्यावर गेली असेल. ती कोणाची आहे ते आठवा, खाली काढा आणि त्या माणसाच्या हातात द्या. त्याचे हातपाय चालत आहेत तोवर द्या.