मोजपट्टी

“तू बस इथंच. मी आलोच,” असं म्हणून भटक्याने खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि रस्ता ओलांडून तो शेतांकडच्या पायवाटेला लागला. बस धुरळा उडवत पुढे निघून गेली होती. थांब्यावर सिमेंटचं एक बाकडं, वर पत्रा आणि मागे कुणाच्या तरी शेताचं कुंपण. त्याच्या बायकोने रुमालाने बाकडं झटकलं, उजवा पाय आधी लांब केला आणि मग कशीबशी ती टेकली. अलीकडे वाकायचं म्हटलं की तिला गुडघ्याची परवानगी काढावी लागे.

भटक्या हे त्याचं वर्तमानपत्रातलं नाव. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर घरात जीव रमेना, म्हणून त्याने रविवारच्या पुरवणीत ‘बसने जा, पायी फिरा’ हे सदर सुरू केलं होतं. शहरातून बस पकडायची, एखाद्या खेड्याच्या थांब्यावर उतरायचं, शेतांतून, तळ्याकाठून तासभर हिंडायचं आणि परतीच्या बसने घरी यायचं. वाट सोपी की अवघड हे ठरवायची त्याची पद्धत खास होती. बायकोला चालायला लावायचं. ती मध्ये कुठे न बसता गेली, की वाट सोपी. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून राहून तिचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते, अंगानेही ती भरलेली होती. ती गेली म्हणजे कुणीही जाईल, असा त्याचा साधा हिशेब. लेखात तो तिला ‘आमची मोजपट्टी’ म्हणे. ‘मोजपट्टी कुरकुरली, पण मोडली नाही,’ असली वाक्यं वाचून वाचक खूश होत. त्याचा फोटो दर रविवारी छापून येई, तिचा कधीच नाही. “मोजपट्टीचा कुठे फोटो असतो होय?” असं म्हणून तो स्वतःच हसत सुटे.

सुरुवातीला तिलाही मजा वाटली होती. इतकी वर्षं काउंटरमागे गेली, कुणी तिचं नाव विचारलं नाही. आता निदान टोपणनावाने तरी ती छापून येत होती. गुडघा ठणकायचा, पण ती गोळी घेऊन निघायची आणि तोंडातून हूं की चूं काढायची नाही. गेल्या थंडीत मात्र ती अर्ध्या वाटेत एका दगडावर बसली ती उठेचना. त्या आठवड्यात त्याने वाट ‘मध्यम’ म्हणून लिहिली, तर लगेच संपादकाचा फोन. लोकांना मध्यम नको, सोपं हवं. तेव्हापासून ती थांब्यावर बसू लागली आणि वाटा पुन्हा सोप्या झाल्या. मग मी घरीच राहते, असं ती म्हणाली तर तो उखडला.

“म्हणजे मी खोटं लिहू? ‘आम्ही दोघं गेलो’ असं लिहायचं, तर तू नको यायला?”

एवढ्या खरेपणावर त्याचं भागत होतं.

पुढची बस आली तेव्हा ती बाकड्यावर पेंगत होती. बसमधून एक जोडपं उतरलं. नवरा किरकोळ, हातात छत्री. बायको साठीची, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आणि उतरताना तिने ओठ असे काही आवळले की बाकड्यावरच्या बाईला आपलाच गुडघा चमकल्यासारखं झालं.

“काय हो, इथून भटक्या गेले का?” पट्टावालीने उत्साहाने विचारलं. “पेपरात लिहितात ते. आज तळ्याच्या वाटेने जाणार, असं मागच्याच लेखात होतं.”

“गेले मघाशी.”

“बघा, चुकामूक झाली! तरी मी म्हणत होते, आधीची बस पकडू.” ती नवऱ्यावर वैतागली आणि पुन्हा इकडे वळली. “मला खरं तर त्यांना नाही, त्यांच्या मिसेसना भेटायचंय. त्यांचाही गुडघा माझ्यासारखाच आहे ना. डॉक्टर मला म्हणाले, आता घरात बसा. मी म्हटलं, का बसू? ती माउली डोंगर चढते आणि मी काय घोडं मारलंय? कशा चालत होत्या हो त्या? नीट होत्या ना?”

बाकड्यावरच्या बाईच्या घशाशी शब्द आले. मीच ती, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग तो? त्याचं सदर, त्याचा फोटो, भाजीवाल्यापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळे त्याला विचारत होते ते? 

“मी नाही पाहिलं नीट. पण तुम्ही जाऊ नका. तो समोर दिसतोय ना, तो सगळा चढ आहे. हा गुडघा घेऊन नाही जमायचं तुम्हाला.”

“त्यांना जमतं ते?”

“त्यांचं सोडा हो. दुखणं आपलं आपल्याला माहीत.”

पट्टावालीचा चेहरा उतरला. मग ती तोडून बोलली, “तुम्ही स्वतः गेलाय का कधी? नाही ना? मग बसा निवांत. त्या बाईंच्या निम्मी जिद्द जरी असती ना तुमच्यात, तर इथे बसून राहिला नसता.”

दोघं रस्ता ओलांडून गेली. छत्रीवाल्याने एकदा मागे वळून, माफ करा, अशा अर्थाने मान हलवली.

तासाभराने ते जोडपं आणि भटक्या, तिघं एकत्रच परत आली. पट्टावालीला जवळजवळ उचलून आणावं लागत होतं. एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसरा भटक्याच्या. गुडघा सुजून पट्ट्याच्या वरखाली आला होता. चेहरा मात्र फुललेला. “आज त्या असत्या तर!” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

“काय करणार, नेमकी आज तिला कणकण आली,” भटक्या म्हणाला. “हट्टच करत होती यायचा. मीच म्हटलं, पड घरी.”

बाकड्यावरून ती अर्धवट उठली होती. “अहो” एवढं तोंडाशी आलंही होतं. त्याची नजर तिच्यावरून गेली, क्षणभर अडखळली आणि पुढे बस कुठे दिसते का ते बघू लागली.

“वाटेत सांगितलं ना, याच त्या बाकड्यावरच्या बाई,” पट्टावाली म्हणाली. “मला म्हणत होत्या, जाऊ नका.”

“असतात अशी माणसं,” भटक्या म्हणाला. “स्वतः बसतात आणि दुसऱ्यालाही बसवतात.”

ती पुन्हा खाली बसली. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि त्या रागाचं करायचं काय, हे काही केल्या सुचेना.

बस आली. ती तिघं पुढे बसली, ही एकटीच मागच्या सीटवर. कंडक्टर तिच्यापाशी आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपल्याजवळ रुमाल, चष्मा आणि गोळ्यांची पट्टी सोडून काही नाही. पाकीट त्याच्या पिशवीत.

“तिकीट, बाई.”

ती पुढे बघत राहिली. भटक्याची मान मागे वळली नाही.

“पैसे नाहीत? मग पुढच्या थांब्यावर उतरा. उगाच डोक्याला ताप नको.”

बसमधली माणसं माना वळवून बघू लागली. पुढचा थांबा म्हणजे नुसता माळ होता. तेव्हा भटक्या उठला. पाकीट काढत तो मागे आला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, “असू द्या, मी देतो त्यांचे. कुठे उतरायचं बाई तुम्हाला?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

“शेवटच्या थांब्याला,” ती म्हणाली.

“केवढं मोठं मन!” पट्टावाली पुढून म्हणाली. “अहो बाई, आभार तरी माना त्यांचे.”

“आभारी आहे,” ती म्हणाली.

ते जोडपं मध्येच उतरलं. खिडकीतून दिसेनासं होईपर्यंत भटक्या हात हलवत होता. मग तो मागे येऊन तिच्याशेजारी धप्पकन बसला.

“सुटलो बाबा! काही बोलली नाहीस ते बरं केलंस. पण पुढच्या वेळी चार पैसे जवळ ठेवत जा गं. केवढी पंचाईत झाली असती.”

रात्री जेवण झाल्यावर त्याने टेबलावरचा दिवा लावला. ‘वाट सोपी’ एवढं वरती लिहून झालं होतं. ती पलंगावर पाय पसरून गुडघ्याला मलम चोळत होती.

“ऐकतेस का? शेवटी तुझं एखादं वाक्य पाहिजे. तळं दिसल्यावर मोजपट्टी काय म्हणाली म्हणून लिहू?”

ती चोळत राहिली.

“बोल की. काहीही सांग.”

“लिहा,” ती म्हणाली, “मी आलेच नव्हते.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग मांडीवर थाप मारून खो खो हसला. “फर्मास! एवढा चढ चढून वर म्हणते काय, तर मी आलेच नव्हते! अगं, तूच लिहायला पाहिजे होतंस सदर.” आणि त्याने ते घाईघाईने उतरवून घेतलं.

रविवारी ते वाक्य लेखाच्या मधोमध, चौकटीत, ठळक अक्षरांत छापून आलं. सकाळपासून लोकांचे फोन येत होते. ती आत भांडी घासत होती, आणि बाहेर तो प्रत्येकाला ते पुन्हा नव्याने सांगत होता.