बेरीज एकोणीस

मित्रांनो, परीक्षेला तुम्ही जे पॅड घेऊन जाता ना, त्याच जातीचं मी. फक्त फार म्हातारं. चिमटा गंजलाय, एक कोपरा उडालाय. ऑस्ट्रेलियात, मेंढ्यांच्या मुलखात, कुरांडी गावच्या सुतारानं लोकर कातरायच्या शेडचं दार बदललं, त्याच्या उरलेल्या फळीतून मला कापलं.

गावच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं काढली. दर मंगळवारी शहरातून समुपदेशक यायचे. त्याआधी माणसं मला मांडीवर घेऊन एक कागद भरायची. किती वेळा हताश वाटलं, किती वेळा रडू आलं, असे दहा प्रश्न. प्रत्येकाला एक ते पाच गुण; त्रास जितका जास्त, तितके गुण जास्त. काउंटरवरच्या डॉटबाई बेरीज करायच्या. ‘वीसच्या खाली असेल तर घरी’ अशी चिठ्ठी त्यांनी माझ्या पाठीला चिकटवली होती, विसरायला नको म्हणून. माझ्यावर अक्षर छान उमटतं, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

त्या गावात कुणी कुणाला कसं आहेस विचारलं, तर उत्तर एकच. वाईट नाही. दुष्काळात निम्म्या मेंढ्या गेलेला माणूसही हेच म्हणायचा.

टॅम्सिन तेरा वर्षांची होती. तिसऱ्या वर्षी वाचायला लागलेली, दहाव्या वर्षी मोठ्यांची गणितं सोडवणारी. बापाच्या शेडमधले कातरणारे तिला ‘प्रोफेसरीणबाई’ म्हणायचे. कुणाचं डोकं जरा वर दिसलं की टपली मारायची, ही तिथली रीतच. मग तिनं डबा खाणं सोडलं. ‘मी नसते तर कुणाचं काही अडलं नसतं,’ हे वाक्य शाळेतल्या बाईंना तिच्या वहीत सापडलं, तेव्हा तिचे वडील ग्लेन तिला घेऊन आले.

पहिल्या समुपदेशकानं तिला रंगवायला चित्रं दिली. दुसरी म्हणाली, एवढी हुशार तू, तुला कसली चिंता? त्यानंतर एका मंगळवारी टॅम्सिननं मला उलटं केलं, चिठ्ठी वाचली आणि पेन उचललं.

“एकोणीस,” डॉटबाई म्हणाल्या. “सुटलीस गं पोरी.”

ग्लेननी मोठा श्वास सोडला. मला सगळं कळत होतं, मित्रांनो. पण लाकडाला बोलता येत नाही.

तीनदा असंच झालं. चौथ्या वेळी हेस्टर नावाची नवी समुपदेशक आली. तिनं जुने तीन कागद माझ्यावर शेजारी शेजारी मांडले.

“उत्तरं दर वेळी वेगळी, बेरीज तीच. जमवायला किती वेळ लागला?”

“पहिल्यांदा चार मिनिटं.”

“आणि खरी बेरीज?”

टॅम्सिननं स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या.

“एक्केचाळीस.”

ग्लेनच्या हातात टोपी होती. ती तशीच राहिली. “मला का नाही सांगितलंस गं?”

“तू तरी कुठे सांगतोस, बाबा?”

हेस्टरनं खरं तेच सांगितलं. “इतक्या हुशार मुलांचं मन मला पुरतं कळत नाही, ज्यांना कळतं अशा कुणाकडे जायला हवं.” दिवसभर ती फोन लावत बसली. एकानं विचारलं, मार्क चांगले आहेत ना, मग काय? दुसऱ्याकडे नवी नावं घेणं बंद होतं. सिडनीतली एक बाई अशाच मुलांचं काम करायची. तिनं पुढच्या फेब्रुवारीची तारीख दिली. तेव्हा जून चालू होता. तोवर हेस्टर दर मंगळवारी टॅम्सिनजवळ बसायची, कागद भरून न घेता. ऑगस्टअखेर तिची बदली झाली.

ग्लेननी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता दर मंगळवारी ते डॉटबाईंच्या काउंटरवरून सिडनीला फोन करायचे. “कुणी आपली वेळ रद्द केली का हो? आम्ही लगेच निघतो. सात तास लागतील, तेवढं थांबा फक्त.” पलीकडून नाही म्हणायचे. ते आभार मानायचे, फोन ठेवायचे, बाहेर गाडीत बसलेल्या लेकीकडे जायचे.

ऑक्टोबरमध्ये दवाखान्यात कागदाऐवजी टॅबलेट आला आणि मला कपाटात टाकलं. तोवर कुणीही वेळ रद्द केली नव्हती. फेब्रुवारीत काय झालं, मला माहीत नाही. इथे अंधार आहे.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात सगळं येणारं एखादं पोर असेल. त्याला उत्तरं येतात म्हणून त्याला विचारायचं सोडू नका. आणि विचारलंत, तर त्याच्याजवळ जरा बसा.